अंकोरचे योद्धे आणि त्यांची शस्त्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियाला जाऊन आलेले वाचक फोटो पाठवतात आणि सोबत प्रश्नही. हा कोण, त्याच्या हातात काय आहे, हे महाभारत आहे की खरी लढाई? बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी आणली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अवघड पुढे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंकोरचे योद्धे म्हणजे नेमके कोणत्या काळातले?

ख्मेर लोकांचं, आजच्या कंबोडियातलं राज्य. अंकोर ही त्याची राजधानी. इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्यानं महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं, तिथून हा काळ मोजतात. १४३१ मध्ये अयुथ्येच्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या सयामी राज्याच्या, सैन्यानं अंकोर घेतलं, तिथे तो संपला असं ढोबळमानानं मानतात. शस्त्रांबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः बाराव्या आणि तेराव्या शतकातलं आहे, कारण युद्धाची मोठी शिल्पं त्याच काळात कोरली गेली. सहाशे वर्षांत सैन्य जसंच्या तसं राहिलं असेल असं कुणी समजू नये. इथली बहुतेक उत्तरं त्या दीडशे-दोनशे वर्षांपुरती आहेत.

२. खरी शस्त्रं फारशी सापडलेली नाहीत म्हणतात. मग ही माहिती येते कुठून?

दमट मातीत आणि पावसाळी हवेत लोखंड टिकत नाही आणि लाकडी दांडे तर त्याआधीच जातात. संग्रहालयांत त्या काळातलं काशाचं सामान बऱ्यापैकी दिसतं. पालखीच्या दांड्याला बसवायचे नक्षीदार आकडे आणि कड्या पाहताना तर पाय निघत नाही. लढाईतली लोखंडी पाती मात्र थोडीच उरली आहेत.

त्यामुळे आधार तीन. पहिला दगडाचा : अंकोरवाट, बायोन आणि बांतेय छमार या तीन मंदिरांच्या भिंतींवरचे शिल्पपट्ट. दुसरा शिलालेखांचा. हे लेख संस्कृतात आणि जुन्या ख्मेर भाषेत आहेत आणि त्यांतल्या तारखा शकात दिलेल्या असतात. आपल्या पंचांगात चालतो तोच हा शक, त्यामुळे मराठी वाचकाला ७८ मिळवून इसवी सन काढायला वेळ लागत नाही. तिसरा आधार चिनी नोंदींचा. त्यांत सर्वांत मोलाचा आहे झोउ दागुआन. युआन दरबाराच्या वकिलातीबरोबर तो १२९६ च्या ऑगस्टमध्ये अंकोरला आला आणि ११ महिने राहिला. डोळ्यांनी पाहून अंकोरचं इतकं सविस्तर वर्णन करणारा दुसरा कुणी नाही.

या तिघांचं एकमेकांशी नेहमी जमतं असं नाही. जिथे जमत नाही तिथेच खरी मौज आहे (प्रश्न ६ पाहा).

३. अंकोरवाटच्या भिंतीवर कुरुक्षेत्र कोरलंय. तीच शस्त्रं ख्मेर सैनिक वापरत होते असं धरायचं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो योग्यच आहे.

अंकोरवाटच्या पश्चिम ओवरीच्या दक्षिण भागात कुरुक्षेत्राचं युद्ध आहे. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्ये गर्दी इतकी की एकाचा हात कुठे संपतो आणि दुसऱ्याचा भाला कुठे सुरू होतो ते शोधावं लागतं. वरच्या बाजूला शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. आपल्याकडून गेलेला माणूस तिथे हमखास थांबतो. उत्तर भागात लंकेचं युद्ध आहे. तिथे वानर दातांनी आणि नखांनी लढतात.

वळून दक्षिण ओवरीच्या पश्चिम भागात गेलं की दिसते ती खरी फौज. ज्यानं हे मंदिर बांधलं त्या दुसऱ्या सूर्यवर्म्याची ही मिरवणूक आहे. आधी तो डोंगरावर दरबार भरवून बसलेला दिसतो आणि पुढे हत्तीवर. त्याच्यावर १५ छत्र्या आहेत, इतर कुणावरही इतक्या नाहीत. पुढे गरुडारूढ विष्णूचा ध्वज चालतो. शेजारी बारीक अक्षरांत नावं कोरली आहेत. राजाला त्यात ‘परमविष्णुलोक’ म्हटलं आहे आणि सरदारांचीही नावं दिली आहेत. याच मिरवणुकीत पवित्र अग्नी खांद्यावरून नेला जातो आणि राजहोता, म्हणजे राजाचा यज्ञ करणारा पुरोहित, सोबत असतो.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे रथ. कुरुक्षेत्रात महारथी रथांतून लढतात. सूर्यवर्म्याच्या फौजेत सरदार हत्तीवर किंवा घोड्यावर आहेत, रथात उभा राहून लढायला निघालेला कुणी नाही. ख्मेर कलाकारानं महाभारत ऐकलं होतं आणि त्यासाठी लागणारे रथ कोरले. आपल्या राजाची फौज त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

म्हणून कुरुक्षेत्राच्या पटातले पायदळाचे भाले, ढाली, हत्तीवरचं सामान यांचा उपयोग पुरावा म्हणून जपून करता येतो, कारण कारागीर रोजचंच समोर ठेवून कोरत होता. रथ आणि दिव्यास्त्रं मात्र बाजूला ठेवावीत.

४. साध्या सैनिकाकडे काय असायचं?

एका हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल. अंकोरवाटपासून बायोनपर्यंत हेच दिसतं आणि झोउ दागुआनही हेच लिहितो : उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल, अंगावर काही नाही, पाय अनवाणी.

बायोनवरचा ख्मेर पायदळी एकदा जवळून पाहाच. केस अगदी बारीक कापलेले, कानांच्या पाळ्या लांब लोंबणाऱ्या, कमरेला लंगोटासारखं वस्त्र आणि छातीवर गुंडाळलेला दोर. ढाली दोन तऱ्हेच्या आहेत : फुगीर गोल आणि अंग झाकणारी लांब. काहींच्या हाती तलवार किंवा आखूड सुरा आहे, पण रांगाच्या रांगा भाल्यांच्याच आहेत. त्याचं कारण उघड आहे. भाल्याला लोखंड थोडं लागतं आणि शेतावरून आणलेल्या माणसाला तो लवकर शिकवता येतो. ही माणसं कुठून येत याबद्दल प्रश्न १३ पाहा.

बायोनच्या पूर्व ओवरीत या फौजेमागचा संसारही कोरला आहे, आणि मला तो लढाईपेक्षा मोठा वाटतो. बैलगाड्या आहेत, चालणाऱ्या बायका आहेत, पोरं आहेत, खाण्याचं सामान आहे. फौज म्हणजे फक्त लढणारे पुरुष नव्हेत, हे त्या कारागिरानं ध्यानात ठेवलं.

५. लांब, वाकडा दांडा आणि त्याला काटकोनात पातं, असं एक शस्त्र सगळीकडे दिसतं. तो परशू आहे का?

त्याला ख्मेर भाषेत फ्काक म्हणतात. आपल्या परशूशी त्याचं नातं जोडण्याचा मोह होतो, पण बनावट पाहिली की फरक कळतो. परशूचं पातं रुंद असतं आणि दांडा सरळ. फ्काकचा दांडा लांब असतो आणि एका टोकाला चांगलाच वळलेला. त्या वळणाजवळ अरुंद, लांबट पातं दांड्यात आरपार बसवलेलं असतं. पकड लांब मिळाल्यामुळे घाव वरून खाली जोरात बसतो, म्हणजे हत्तीवरून वापरायला सोयीचा.

अंकोरवाटच्या मिरवणुकीत हत्तीवर उभ्या असलेल्या सरदारांकडे पाहा. एक पाय हौद्यात, दुसरा हत्तीच्या पाठीवर, आणि खांद्यावर फ्काक. शिल्पांत ते अधिकाराचं चिन्ह असल्यासारखं वरिष्ठांच्या हाती जास्त दिसतं. पण ते फक्त मानाचं शस्त्र होतं असं म्हणता येत नाही, कारण प्रत्यक्ष झुंजीतही ते चाललेलं कोरलं आहे. कंबोडियाच्या खेड्यांत याच घडणीचं लाकूडतोडीचं हत्यार अगदी अलीकडेपर्यंत वापरात राहिलं. रोजच्या हत्यारातून शस्त्र घडलं की शस्त्रातून हत्यार, यावर वाद घालण्यापेक्षा रानात राहणाऱ्या लोकांकडे दोन्ही एकच होती हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं.

६. झोउ दागुआन म्हणतो की यांच्याकडे धनुष्यबाण नाहीत, चिलखत नाही, शिरस्त्राण नाही. भिंतीवर तर धनुर्धारी आहेत. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. शिल्पं आणि झोउ यांच्यात शंभर-दीडशे वर्षांचं अंतर आहे. त्याच्या वेळेपर्यंत चंपा (आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनाममधलं चाम लोकांचं राज्य) जिंकणाऱ्या सातव्या जयवर्म्याला जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती आणि सयामी फौजांनी मुलूख उजाड केला होता. त्या लढाईबद्दल झोउ लिहितो की सगळ्या प्रजेलाच लढायला बाहेर काढलं गेलं. अशा वेळी हाती भाला देऊन उभ्या केलेल्या लोकांकडे चिलखत कुठून येणार?

दुसरं असं, की तो परका पाहुणा होता. त्याला नगर दिसलं, दरबार दिसला, राजाची स्वारी दिसली. मोहीम त्यानं पाहिली नाही.

धनुष्यं होती याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, कारण शिल्पांशिवाय लेखांचाही पुरावा आहे. दुसऱ्या उदयादित्यवर्म्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या मध्याला, संग्राम नावाचा सेनापती होऊन गेला. त्यानं एकामागून एक तीन बंडं मोडली. त्यातलं एक कंवौ या सेनापतीचं. संस्कृत शिलालेखात त्यांची गाठ पडल्याचं वर्णन आहे : कंवौनं बाण मारून संग्रामचा जबडा जखमी केला आणि संग्रामनं उलट तीन बाण सोडले, ते कंवौच्या डोक्यात, मानेत आणि छातीत शिरले. काव्य म्हणून थोडं वाढवलेलं असेल. पण सेनापती धनुष्यानं लढत, एवढं त्यातून कळतं. मिळालेली लूट संग्रामनं शिवलिंगाला अर्पण केली, हेही तोच लेख सांगतो.

७. बायोनवर एका हत्तीच्या पाठीवर मोठं यंत्र दिसतं. ते काय?

दोन धनू असलेलं मोठं यंत्रधनुष्य. चाप ओढून बाण सोडायचा, तसलं. हत्तीवर दोन माणसं ते चालवताना दिसतात. बायोनवर अशीच एक रचना चाकांवर बसवलेलीही आहे. बांतेय छमारलाही ही यंत्रं आहेत, अंकोरवाटवर नाहीत. म्हणजे ती सातव्या जयवर्म्याच्या काळात, बाराव्या शतकाच्या शेवटी, दिसू लागली.

चीनमध्ये अशी यंत्रं फार आधीपासून होती आणि बायोनच्या फौजेत दाढी व वर बांधलेला केसांचा बुचडा असलेले चिनी चेहरेही आहेत. त्यामुळे हे ज्ञान तिकडून आलं हा तर्क बळकट आहे. ते हत्तीवर चढवण्याची कल्पना मात्र इकडच्या मातीतली. हाताळायचं लहान यंत्रधनुष्य, ख्मेरमध्ये स्ना, ईशान्य कंबोडियातल्या डोंगराळ भागातले लोक शिकारीसाठी वापरत आले आहेत.

८. यांच्याकडे दोन लाख हत्ती होते हे खरं का?

नाही. हा आकडा झाओ रुगुआ या चिनी अधिकाऱ्यानं १२२५ च्या सुमाराला नोंदवला. तो बंदरावर व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहीत होता, स्वतः अंकोरला गेला नव्हता. दोन लाख हत्तींना रोजचा चारा आणि पाणी कुठून आणणार, एवढा विचार केला तरी पुरे. त्याच वाक्यात घोडे पुष्कळ पण लहान असल्याचं तो लिहितो, आणि ते पटण्यासारखं आहे.

हत्ती महत्त्वाचा होता तो उंचीसाठी, दिसण्यासाठी आणि धाकासाठी. मानेवर माहूत, हातात अंकुश, मागे उभा सरदार. आपल्याकडे अंबारी म्हटल्यावर जी बंदिस्त, सजवलेली बैठक डोळ्यांपुढे येते, ती इथल्या युद्धाच्या हत्तीवर शोधू नका. बैठक उघडी आणि हलकी आहे, कारण सरदाराला उभं राहून हात चालवायचा होता. हत्ती बिथरला तर आपल्याच पायदळाला तुडवतो, म्हणून भिंतीवर प्रत्येक हत्तीच्या पायांशी दाटीनं पायदळ चालताना दिसतं.

९. घोडदळ का कमी दिसतं?

त्या हवेत चांगले घोडे निपजत नव्हते आणि बाहेरून आणावे लागत. अंकोरवाटवर घोडेस्वार आहेत, पण घोडी लहान चणीची.

चिनी नोंदींत याबद्दलची एक गोष्ट आहे. ११७१ मध्ये एका चिनी अधिकाऱ्याचं जहाज भरकटून चंपेच्या किनाऱ्याला लागलं. चाम आणि ख्मेर हत्तींवरून लढत होते आणि कुणालाच निर्णायक जय मिळत नव्हता. त्या माणसानं चंपेच्या राजाला घोड्यावरून यंत्रधनुष्य चालवायला शिकवलं. त्याचा उपयोग इतका झाला की चाम लोक पुढे घोडे घ्यायला हाइनान बेटावर गेले. तिथे त्यांना नकार मिळाला. त्यानंतर त्यांनी जो मार्ग धरला, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

१०. चिलखत नव्हतंच का?

वरिष्ठांच्या अंगावर आखूड, छाती झाकणारा अंगरखा दिसतो. तो चामड्याचा की जाड कापडाचा, हे दगडावरून ठरत नाही. अंकोरवाटच्या मिरवणुकीत काहींच्या डोक्यावर प्राण्यांच्या तोंडाची शिरस्त्राणं आहेत, हरणाची, घोड्याची, पक्ष्याची. पायदळातला बहुतेक माणूस उघड्या अंगानंच होता. दमट उन्हात आणि चिखलात जड चिलखत घालून चालणं म्हणजे शिक्षाच.

राजाचं संरक्षण मात्र निराळं. झोउच्या काळचा राजा, तिसरा इंद्रवर्मा, यानं अंगात पवित्र लोखंडाचा तुकडा बसवून घेतला होता. त्यामुळे सुरी किंवा बाण लागला तरी इजा होणार नाही अशी श्रद्धा होती आणि म्हणूनच तो राजवाड्याबाहेर पडायला धजत असे. आज कंबोडियातले सैनिक आणि मुष्टियोद्धे अंगावर मंत्रतंत्राची यंत्रं गोंदवून घेतात, त्यामागची भावना हीच आहे.

११. एवढं लोखंड कुठून यायचं?

अंकोरच्या पूर्वेला, सुमारे १०० किलोमीटरवर, कोंपोंग स्वायचं प्रेआह खान नावाचं प्रचंड मंदिर-संकुल आहे. तिथे लोखंड गाळल्यानंतर उरलेल्या मळीचे ढीग सापडले आहेत. त्याच्याही पूर्वेला फ्नोम देक, म्हणजे लोखंडाचा डोंगर. त्या भागातले कुई लोक लोखंड गाळण्यात तरबेज होते आणि एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच प्रवाशांनी त्यांच्या भट्ट्या चालू असताना पाहिल्या. अंकोरपासून तिथपर्यंत पुलांसह पक्का रस्ता बांधलेला होता. शिलालेखांत सेनापतींची स्तुती भरपूर आहे, भट्टीपुढे भाजून निघणाऱ्या कुई माणसाचं नाव कुठेच नाही. त्याच्याशिवाय यातला एकही भाला उभा राहिला नसता.

(अंकोर शहराजवळ याच नावाचं दुसरं मंदिर आहे, सातव्या जयवर्म्यानं ११९१ मध्ये प्रतिष्ठापना केलेलं. गल्लत करू नका.)

१२. स्त्रिया लढायच्या का?

राजाच्या स्वारीचं झोउनं केलेलं वर्णन वाचा. पुढे सैनिक, ध्वज, वाद्यं. मग हातात मेणबत्त्या घेतलेल्या राजवाड्यातल्या मुली, मग सोन्याचांदीची भांडी नेणाऱ्या, आणि त्यानंतर ढाली-भाले घेतलेल्या स्त्रियांची स्वतंत्र तुकडी. ही राजाची खासगी रक्षक तुकडी होती. सर्वांच्या मागे हत्तीवर उभा राजा, हातात तलवार. रणांगणावर स्त्रियांची फलटण लढल्याचा पुरावा मात्र नाही. फौजेबरोबर चालणाऱ्या बायकांबद्दल प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

तलवारीचीही एक हकिगत झोउ सांगतो. आधीच्या राजाचा आपल्या मुलीवर फार जीव. तिनं बापाची सोन्याची तलवार चोरून नवऱ्याला दिली. नवरा सैन्याचा अधिकारी होता, तो राजा झाला. हक्क गेलेल्या मुलानं सैन्य जमवायचा प्रयत्न केला, तेव्हा नव्या राजानं त्याच्या पायाची बोटं छाटून त्याला अंधारकोठडीत टाकलं. ती तलवार ज्याच्या हाती, राज्य त्याचं.

१३. कायमचं सैन्य होतं की वेळ पडली की लोक गोळा करायचे?

दोन्ही. राजाभोवती कायमचे निष्ठावंत असत आणि मोठ्या मोहिमेला प्रांतांतले सरदार आपापली माणसं घेऊन येत. दुसऱ्या सूर्यवर्म्यानं ११२८ मध्ये दाई व्हिएतवर, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामवर, २०,००० माणसं पाठवली असं व्हिएतनामी बखरी सांगतात. एवढी माणसं बारमाही पोसलेली नसणार. ती मोहीम फसली.

निष्ठेची बाब फार गंभीरपणे घेतली जाई. शके ९३३ म्हणजे इ.स. १०११ मध्ये पहिल्या सूर्यवर्म्यानं तम्र्वाच नावाच्या अधिकाऱ्यांकडून शपथ घेतली. ती राजवाड्याच्या गोपुरावर कोरलेली आहे, खाली नावांच्या याद्या आहेत. दुसऱ्या राजाला मानणार नाही, शत्रूला मिळणार नाही, युद्धात जिवाची पर्वा करणार नाही, पळणार नाही. आणि हे मोडलं तर चंद्रसूर्य असेपर्यंत बत्तिसाव्या नरकात जन्म मिळो. आपल्याकडच्या दानपत्रांवर चंद्रसूर्य ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती ओळ वाचताना ओळखीची वाटेल.

ही शपथ पाळणारेही होते. बांतेय छमारच्या जुन्या ख्मेर लेखात चार संजकांची नावं आहेत. संजक म्हणजे राजाचे खास योद्धे. भरतराहू नावाच्या बंडखोरानं राजवाड्यावर हल्ला केला, तेव्हा राजा यशोवर्म्यासमोर उभे राहून संजक अर्जुन आणि संजक श्रीधरदेवपुर पडले. संजक श्रीदेव आणि संजक श्रीवर्धन चंपेच्या मोहिमेत राजपुत्र श्रीन्द्रकुमाराला वाचवताना पडले. राजपुत्राची मूर्ती मध्ये आणि चौघांच्या मूर्ती चार कोपऱ्यांत, अशी त्या देवळाची मांडणी केली. मेल्यावरही ते पहाऱ्यावर राहिले.

१४. अंकोरवाटच्या मिरवणुकीत एक तुकडी एकदम वेगळी, विस्कळीत चालताना दिसते. ती कुणाची?

शेजारच्या लेखात ‘स्याम कुक’ असं म्हटलं आहे. त्यांचे केस, झालरीचे कपडे, हातातले भाले, चालण्याची ढब, सगळंच निराळं. मागून येणारी लवो, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या लोपबुरीची, जयसिंहवर्म्याची तुकडी शिस्तीत आहे, त्यामुळे फरक आणखी डोळ्यांत भरतो. ‘स्याम’वरून हे सयामी लोकांचे पूर्वज असावेत असं पुष्कळ काळ मानलं गेलं. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. ते राजाच्या फौजेत होते एवढं पक्कं.

१५. बायोनवरची होड्यांची लढाई म्हणजे ११७७ चा हल्ला का?

दक्षिणेकडच्या बाहेरच्या ओवरीत ही लढाई आहे. लांब नावा, खाली वल्ही मारणारे, वर भाले आणि ढाली घेऊन उभे असलेले योद्धे. कुणी आकडे टाकून शत्रूची नाव ओढतोय, कुणी पाण्यात पडलाय आणि सुसर त्याला धरतेय. ज्यांच्या डोक्यावर उलट्या फुलासारखं शिरस्त्राण आहे ते चाम. उघड्या डोक्याचे ते ख्मेर. एवढी खूण लक्षात ठेवली की निम्मा पट उलगडतो. खालच्या पट्टीत लढाईची गंधवार्ताही नसलेला बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज चालू आहे.

चिनी नोंदींनुसार ११७७ मध्ये चामांनी नावांतून येऊन अंकोर लुटलं आणि राजाला मारलं. बायोनची लढाई मात्र त्याचं उत्तर असावी, म्हणजे सातव्या जयवर्म्यानं नंतर मिळवलेला विजय. कारण पराभव कोरून घेणारा राजा विरळा. हल्ला खरोखर असाच झाला का, त्याची तारीख नेमकी तीच का, यावरही काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे.

१६. या फौजांत भारतातून गेलेले सैनिक होते का? चोळांनी हे राज्य जिंकलं होतं का?

जिंकलं नव्हतं. राजेंद्र चोळाची १०२५ ची समुद्री मोहीम श्रीविजयावर होती, म्हणजे सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाच्या बाजूला. अंकोरशी चोळांचे संबंध मैत्रीचे दिसतात. कंबोज राजानं राजेंद्राला रथ भेट पाठवल्याचा उल्लेख करंदै ताम्रपटात आहे. देव, लिपी, काव्य, पदव्या भारताकडून आल्या हे खरं आहे. पण भाला धरणारा हात तिथलाच होता. ‘आपलीच माणसं लढत होती’ असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे.

१७. आजचा बोकाटोर म्हणजे अंकोरचीच युद्धविद्या का?

बोकाटोर, म्हणजे कुन ल्बोकाटोर, या कंबोडियातल्या युद्धविद्येला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिचे जाणकार शिल्पांतल्या पवित्र्यांशी नातं सांगतात आणि काही पवित्रे खरंच जुळतात. १९७० च्या दशकातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्टांच्या राजवटीत कितीतरी गुरू मारले गेले, तरीही ही विद्या टिकवली गेली, याचं मोल मोठं आहे. पण आठशे वर्षांत प्रत्येक डाव न बदलता आला, असं म्हणायला पुरावा नाही.

१८. पाहायला जायचंय. कुठून सुरुवात करावी?

अंकोरवाट पश्चिमाभिमुख आहे, म्हणून कुरुक्षेत्रासाठी दुपारनंतर जा. तिरपं ऊन पडलं की उठाव स्पष्ट दिसतो. तिथून पुढे दक्षिण ओवरीत वळून सूर्यवर्म्याची फौज पाहा, म्हणजे प्रश्न ३ मधला फरक लगेच कळेल. बायोनला सकाळी लवकर, पूर्वेच्या ओवरीपासून. बांतेय छमार लांब आहे, वायव्येला थायलंडच्या सीमेजवळ. गर्दी नसते आणि भिंतींचे बरेच भाग कोसळलेले आहेत, तरी एक दिवस काढा. शिल्पांना हात लावू नका. जिथे लाखो हात फिरले, तिथे दगड काळा आणि गुळगुळीत होऊन रेषा पुसट झाल्या आहेत.

१९. बायोनवर एका बाजूला चाम आणि ख्मेर एकत्र लढताना दिसतात. कारागिराची चूक का?

चूक नाही. ती लढाई देश विरुद्ध देश अशी सरळ नव्हतीच. विद्यानंदन नावाचा चाम राजपुत्र ११८२ मध्ये तरुण वयात अंकोरला आला. जयवर्म्यानं त्याला शस्त्रविद्या शिकलेला पाहून जवळ केलं. मल्यांगच्या लोकांनी बंड केलं तेव्हा ते मोडायला याच चाम राजपुत्राला ख्मेर सैन्य देऊन पाठवलं. पुढे ११९० मध्ये चंपेविरुद्धच्या मोहिमेचं नेतृत्वही त्याच्याकडेच गेलं. त्यानं ‘विजय’ नावाची चंपेची राजधानी जिंकली, तिथल्या राजाला पकडून अंकोरला धाडलं, स्वतः पांडुरंग प्रांतात राजा झाला आणि काही वर्षांनी ख्मेरांशीच लढला. १२०३ मध्ये त्याला चंपा सोडावी लागली आणि नंतर १२२० पर्यंत तो मुलूख ख्मेरांच्या ताब्यात राहिला. हे सगळं चंपेतल्या मी सन इथल्या लेखात त्याच्याच बाजूनं आणि इतर नोंदींत दुसऱ्या बाजूनं आलं आहे. म्हणून फोटोत फुलासारखं शिरस्त्राण आणि उघडं डोकं एकाच नावेत दिसलं, तर कुणाची नाव कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते आधी पाहा आणि मग बाजू ठरवा.